बिनतारी तार

साल १९२७. दिवाळी होऊन गेली आहे, नवा कापूस येऊ लागला आहे. तुम्ही नागपुरात इतवारीतल्या एका दलालाच्या पेढीवर मुनीम आहात. धोतराला कापसाचे तंतू चिकटलेले, खिशात शेठजींची चिठ्ठी. टांगा तारघरापाशी थांबतो.

चिठ्ठीवर दहा-दहा रोमन अक्षरांचे अगम्य शब्द आहेत. इंग्रजी शिकलेल्यालाही त्यातलं अक्षर कळणार नाही. शेठजींनी सकाळी बेंटलेचा जाडजूड संकेतकोश उघडून ते जुळवलेत. त्यात पाच अक्षरांमागे एक अख्खं वाक्य दडलेलं असतं. अशी दोन पंचकं जोडली की एक शब्द होतो आणि पैसेही एकाच शब्दाचे पडतात.

“लिव्हरपूल? केबलनं पाठवायची का बीमनं?” तारमास्तर विचारतात.

“बीमनं,” तुम्ही म्हणता. ही सोय ६ सप्टेंबरपासून सुरू झाली आहे आणि समुद्राखालच्या केबलीपेक्षा स्वस्त पडते. शेठजींना एवढं कारण पुरेसं आहे.

कट्ट-कडकट्ट सुरू होतं. तुम्ही डोळे मिटता आणि तारेबरोबर निघता.

बिनतारी म्हणतात खरं, पण निम्मा देश तारेवरूनच ओलांडायचा आहे. वर्धा, भुसावळ, मग घाट उतरून मुंबई. तिथे कारकून कागदी फितीवर भोकं पाडतो. फीत यंत्रातून सरसर धावते आणि तिचे ठोके पुन्हा तारेनंच घाट चढून पुण्याजवळ खडकीला पोचतात. तिथे उंच पोलादी मनोऱ्यांवर तारांचा पडदा टांगला आहे. त्यामागे दुसरा पडदा आहे, कंदिलामागे चकचकीत पत्रा लावावा तसा. उजेड चहूकडे न सांडता एकाच दिशेला फेकला जातो, म्हणून नाव ‘बीम’. वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून परतत लाटा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, स्केगनेसला उतरतात. खडकीहून तिथवर लागतो सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग. इतवारीहून तारघरापर्यंत टांग्याला किती वेळ लागला, ते आठवून पाहा.

हे सारं पंधरा वर्षांपूर्वीच व्हायचं होतं. १९१२च्या आराखड्यात इंग्लंड, इजिप्त, पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान आणि सिंगापूर अशी साम्राज्याची बिनतारी साखळी होती आणि हिंदुस्थानातल्या कडीसाठी पुण्याचं नाव होतं. पण ब्रिटिश मंत्र्यांनी मार्कोनीच्या अमेरिकन कंपनीचे शेअर घेतल्याचं प्रकरण गाजलं, मग महायुद्ध आलं. तेव्हाची कल्पना लांब लहरींची होती; त्यांना अवाढव्य केंद्रं आणि प्रचंड वीज लागे. मार्कोनी आणि त्याचा अभियंता फ्रँकलिन यांनी आखूड लहरी वळवून दाखवल्या, तेव्हा कुठे १९२४मध्ये ब्रिटिश सरकारनं करार केला. अट अशी की मिनिटाला १०० शब्द गेले पाहिजेत.

तुम्ही उद्याहून आलेले आहात, म्हणून पुढचंही जाणता. ही स्वस्त लाट केबल कंपन्यांना इतकी झोंबेल की १९२९मध्ये दोघांचा संसार एकत्र करावा लागेल. १९३२मध्ये हिंदुस्थानातही तेच होईल आणि १ जानेवारी १९४७ रोजी हा सारा कारभार सरकारच्या हाती येईल.

पण आज संध्याकाळ व्हायची आहे. लिव्हरपूलचा कापूसबाजार उघडायला इथली दुपार कलावी लागते. उत्तर दुसऱ्या वाटेनं येतं: ग्रिम्सबीहून निघून दौंडला. पाठवायचं खडकीला आणि ऐकायचं दौंडला, कारण शेजारी ढोल बडवत असताना कानगोष्ट ऐकू येत नाही. दौंडहून मुंबई, मुंबईहून नागपूर.

दिवेलागणीला तारवाल्याची सायकल बोळात शिरते. ओसरीवरची एक बाई निवडायचं सूप हातात तसंच धरून उभी राहते. तिच्या लेखी तार म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. सायकल पुढे सरकते तेव्हा कुठे सूप पुन्हा हलतं.

शेठजी कोश उघडतात. ‘ऊमरा’चा भाव चढला आहे. ऊमरा म्हणजे आपल्या वऱ्हाडचा कापूस. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी अमरावतीचं असं झालं. शेठजी कागदाची घडी घालून तो गादीखाली सरकवतात.

दाराशी एक बैलगाडी उभी आहे. शेतकरी दुपारपासून थांबला आहे. त्याच्या बैलांना पेंड हवी आहे आणि त्याला अंधाराआधी निघायचं आहे.

“का भाव हाये जी आज, मुनीमजी?”

तुम्ही शेठजींकडे पाहता. ते वहीतून मान वर न काढता कालचा भाव सांगतात.

दोन पावलं पुढे जाऊन तुम्ही शेतकऱ्याला तो सांगता.