कच्चा लिंबू आणि सर्व्हरचे नियम

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी सिडकोतल्या आमच्या घरी एका जुन्या डेस्कटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचो. कंपनीचं काम आटोपलं की रात्री दहाला आम्ही चौदा जण जमायचो. नियम होते सात. एका परदेशी सर्व्हरवरून जसेच्या तसे उचललेले, इंग्रजीत. खेळाडू पहिल्यांदा जिथे उतरतो, तिथे मी लाकडी पाट्यांवर ते लिहून ठेवले होते.

जूनमध्ये एका नव्या खेळाडूनं दोघांच्या पेट्या रिकाम्या केल्या आणि एका घराची भिंत फोडली. मी लॉग उघडले, नाव शोधलं आणि एक कमांड टाइप केली. बॅन.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. तो खेळाडू म्हणजे त्याचा दहा वर्षांचा भाऊ. "अरे, सकाळपासून रडतोय तो. 'ग्रीफिंग' म्हणजे काय, हे त्याला कसं कळणार?" पोरगं याआधी ज्या सर्व्हरवर खेळायचं, तिथे दुसऱ्याचं घर फोडणं हाच खेळ होता. म्हणजे त्यानं नियम मोडला नव्हता. तो वेगळाच खेळ खेळत होता.

हा पेच आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. कबड्डीला तेव्हा महाराष्ट्रात हुतूतू म्हणत, आणि तिचे प्रकार अनेक होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत यायचा. गामिनीत एकदा बाद म्हणजे बाद. अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजले जात. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात रिस्पॉन मिळतो, दुसऱ्यात एकच जीव असतो आणि तिसरा सरळ डेथमॅच.

आता कल्पना करा, संजीवनीवाला संघ गामिनीवाल्यांच्या गावी खेळायला गेलाय. बाद झालेला गडी उठून आत येतो आणि प्रेक्षक ओरडतात, "लबाडी!" दोन्ही बाजू प्रामाणिक, तरी भांडण ठरलेलं.

गावातल्या गावात खेळायला नियम लिहावे लागत नाहीत, ते सगळ्यांना पाठ असतात. परका संघ आला की कागद लागतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधायला घेतले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं हुतूतूचे नियम छापले आणि स्पर्धाही भरवली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. आज टीव्हीवर बाद झालेला खेळाडू परत येताना दिसतो, ती संजीवनीची देणगी. गामिनी मात्र मागे पडली. नियम लिहिले की कुणाचा तरी खेळ जिंकतो आणि कुणाचा तरी हरवतो.

माझ्या पिढीची पहिली गामिनी म्हणजे सायबर कॅफेतलं काउंटर-स्ट्राइक. तिथे मेलात की फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. "कॅम्पिंग नाही" हा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. कुणी कोपऱ्यात दबा धरून बसला, तर शेजारचा त्याची खुर्ची हलवायचा. नियम समजावण्याची ही पद्धत फार परिणामकारक होती! पण खेळ इंटरनेटवर गेला की हलवायला खुर्चीच उरत नाही.

ही अडचण ऑनलाइन खेळांना जन्मापासूनच चिकटलेली आहे. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा खेळ लिहायला घेतला. चित्रं नव्हती, नुसते शब्द. पण अनेक जण एकाच जगात एकाच वेळी खेळत. अशा जगांत विशेष अधिकार असलेल्यांना 'विझर्ड' म्हणत. आजच्या अ‍ॅडमिनचे हे पूर्वज.

पुढे १९९० साली पॅव्हेल कर्टिस यानं 'लॅम्डामू' हे असंच शब्दांचं जग उभारलं. रोजच्या तक्रारींना कंटाळून त्यानं १९९२च्या शेवटी जाहीर केलं की विझर्ड आता लोकांच्या भांडणांत पडणार नाहीत. काही महिन्यांतच एका खेळाडूनं प्रोग्रामच्या आधारे इतरांच्या पात्रांवर ताबा मिळवला आणि सगळ्यांसमोर त्यांच्याकडून लैंगिक हिंसेची कृत्यं करवली. लोक हादरले. शिक्षा द्यायची कुणी, यावर मोठी चर्चा झाली, पण निर्णय काही झाला नाही. शेवटी एका विझर्डनं स्वतःच्या अधिकारात त्या पात्राला कायमचं काढून टाकलं. त्यानंतर कर्टिसनं खेळाडूंना अर्ज करून मतदानानं नियम ठरवायची सोय दिली. राजा हटला की शांतता येत नाही आणि एकट्या राजाच्या न्यायानं समाधान होत नाही, हे तिथल्या लोकांनी अनुभवलं.

मी राजाच होतो. लहान राज्याचा, जुन्या डेस्कटॉपचा. पण त्या पोरासाठी दाद मागायला दुसरं दार नव्हतं.

आपल्या गल्लीत यावर सुंदर तोडगा होता: कच्चा लिंबू. लहान मूल खेळात असायचं, पळायचं, ओरडायचं. पण बाद व्हायचं नाही आणि त्याच्यावर राज्यही यायचं नाही. आपण त्याला दयामाया समजायचो. खरं तर ती नियम शिकवायची शाळा होती. खेळता खेळता मूल खेळ समजून घ्यायचं आणि एक दिवस स्वतःच म्हणायचं, "मी आता कच्चा लिंबू नाही."

मी बॅन उठवला. चौदा जणांनी मिळून पाट्या मराठीत लिहिल्या. पहिली पाटी अशी: "नवा गडी आठवडाभर कच्चा लिंबू. चुकला तर आधी समजावून सांगायचं."

पोरानं फोडलेली भिंत बांधून दिली. मग सातही पाट्या मोठ्यानं वाचल्या आणि विचारलं, "दादा, तू चुकलास तर काय, ते कुठं लिहिलंय?"

आठवी पाटी त्याच रात्री लागली.