होरा, भाकीत, अंदाज, अपेक्षा

उद्याकडे पाहणारे हे चार शब्द कोशात शेजारी बसतात. पण शब्द चुकला तर जाब कोणाला विचारायचा, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे आहे.

'होरा' मूळचा ग्रीक, काळाचा भाग दाखवणारा. 'अहोरात्र'मधली आद्य आणि अंत्य अक्षरे गळून तो बनला, असे एक मत वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहज्जातका'त नोंदवले आहे. ज्योतिषातला हा शब्द आज निवडणुकीच्या बातम्यांत सुखाने नांदतो. होरा चुकला, की दोष पाहणाऱ्याचा. शास्त्र सहीसलामत राहते.

भाकीत ठामपणे वर्तवले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्यांच्या स्थितीवरून पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्यात 'बहुधा'ला फारशी जागा नसते.

'अंदाज' फारसीतून आला. अंदाज बांधतात, म्हणजे त्याला पाया लागतो. भारतीय हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले. पाठोपाठ 1876–78चा भीषण दुष्काळ आला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा आधार घेऊन 1886 मध्ये मान्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज दिला. पुढे 1928 मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरची ती इमारत अजून 'शिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. अंदाज चुकू शकतो हे गृहीतच असते. म्हणून तो दुरुस्तही करता येतो.

महसुली दप्तरात मात्र अंदाजालाच निवाड्याचे वजन येते. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, या हिशेबाने आणेवारी काढत. पुढे तिची पैसेवारी झाली. ती 50 पैशांच्या खाली आली, तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होई. नजरेने ठरवलेल्या एका आकड्यावर गावाचे वर्ष अवलंबून असे.

'अपेक्षा' संस्कृत 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूची. आपला 'पेक्षा'ही तिचाच वंशज. मराठीत अपेक्षेला इच्छेचा ओलावा आहे. म्हणूनच 'मृतांची संख्या वाढण्याची अपेक्षा' हे वाक्य कानाला टोचते. इंग्रजीतला एकच शब्द इच्छा आणि शक्यता दोन्ही वाहतो. मराठीने ती कामे वाटून दिली आहेत. तिथे 'भीती' किंवा 'शक्यता' हवी. ही वाटणी पुसली, तर बातमी देणारा नकळत अनिष्टाची इच्छा करून बसतो.