पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे : संसारातला अर्धा वाटा

बांद्याहून पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेडणे तालुका लागतो. जत्रा तशाच, दशावतार तोच, सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. पण या नाक्यावर एक गोष्ट बदलते आणि लग्न जमवताना तिच्याकडे आपण बघतच नाही. ती म्हणजे नवरा-बायकोच्या मिळकतीचा कायदा.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाची नोंद होताच दोघांची मिळकत सामाईक होते. नवऱ्याची वडिलोपार्जित, बायकोला माहेरून आलेली, पुढे दोघांनी कमावलेली, सगळी. प्रत्येकाचा अर्धा हिस्सा. म्हणून गोव्यात प्लॉट घेणाऱ्याला अनुभव येतो की कागद नवऱ्याच्या नावावर असला तरी बायकोच्या सहीशिवाय खरेदीखत होत नाही. घटस्फोट झाला तर याच सामाईक मिळकतीची वाटणी होते. आयकर खात्यालाही हे मान्य करावं लागलं. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५-अ घालून अशा जोडप्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरायची सोय केली गेली.

हे आलं कुठून? पेडणे आधी सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगिजांकडे गेलं आणि ‘नव्या काबिजादी’त धरलं जाऊ लागलं. पुढे पोर्तुगालने १८६७ ची नागरी संहिता केली आणि ती गोव्यालाही लागू केली. १९१० साली तिथे राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, त्याच वर्षी घटस्फोटाचा आणि नागरी विवाहाचा कायदा झाला, तोही गोव्यात पोचला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण १९६२ च्या कायद्याने तिथले जुने कायदे चालू ठेवले. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये ती संहिता बाजूला ठेवून नवी केली. गोव्यात मात्र जुनीच राहिली.

म्हणजे पेडण्याच्या सुनेला जो अर्धा वाटा मिळतो, तो तिच्या धर्मामुळे किंवा तिथल्या पुरुषांच्या मोठ्या मनामुळे नाही. सरहद्दीची रेघ कुठून गेली, त्यामुळे मिळतो.

गोव्याचा कायदा म्हणजे स्वर्ग, असंही मी म्हणणार नाही. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं नाव घेणारे बरेच असतात, पण त्यातल्या खोचा सांगत नाहीत. मिळकत सामाईक असली तरी कारभार संहितेने नवऱ्याच्या हातात दिला. १८८० च्या हिंदू रीतिरिवाजांच्या हुकुमात बायकोला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करण्याची वाट ठेवली होती. शिवाय सामाईक म्हटलं की काही कर्जंही सामाईक होतात. तरीही एक तत्त्व त्यात पक्कं आहे : संसार दोघांनी उभा केला, तर मिळकत दोघांची.

आता नाक्याच्या अलीकडे या. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि आपल्याकडे उर्वरित देशाचाच कायदा आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला, पोटगी दिली. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला आणि मुलीला हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवलं. स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठणकावून सांगितलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घरात राहायचा हक्क दिला.

यादी मोठी आहे, पण नीट बघा. मुलगी म्हणून वाटा आहे, विधवा म्हणून आहे. नवरा जिवंत असताना बायको म्हणून मालकी मात्र कुठेच नाही. तीस वर्षं काजूच्या बागेत राबलेली बाई घटस्फोटाच्या दिवशी पोटगी मागू शकते, बागेतला हिस्सा नाही. पोटगी म्हणजे दर महिन्याचं मागणं, हिस्सा म्हणजे हक्क.

हे बदलायचा प्रयत्न झाला. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत वाटा द्यायचं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झालं. लोकसभेत ते मंजूर झालंच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. त्याबद्दल आज कुणी बोलतही नाही.

याउलट आपल्याच मातीतलं एक काम विसरलं गेलंय. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी बायका मोठ्या संख्येने जमल्या. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली : नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करावा. पुढे १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढून, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय केली. हा कायद्याचा हक्क नव्हे, नवऱ्याच्या मर्जीवर आहे. पण तलाठ्याकडे अर्ज द्यायला संसदेची वाट बघावी लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सोयरीक नाक्यापलीकडे जमत असेल तर मानपान ठरवतानाच विचारा : लागू कायदा कुठला, आणि लग्नाआधी करार करायचा का? गोव्यात तो लग्नानंतर करता येत नाही आणि केलेला बदलताही येत नाही. देवळात लग्न लागलं तरी सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद झाल्याशिवाय तिथे ते कायद्याने धरत नाहीत. सही करण्याआधी तिथल्या वकिलाला एकदा भेटा. आणि संसार अलीकडेच असेल तर नवं घर, नवी जमीन दोघांच्या नावावर घ्या. जुन्या सातबाऱ्यावरही तिचं नाव लावा.

तिकडच्या बाईला जे पोर्तुगिजांच्या कायद्याने मिळालं, ते इकडच्या बाईला घरच्या माणसाने द्यायला काय हरकत आहे?