भातामागचा वाल

मावळच्या शेतीचा इतिहास भाताभोवतीच सांगितला जातो. त्याला कारणही आहे. आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेला 'इंद्रायणी' १९८७ मध्ये प्रसारित झाला आणि तालुक्याची ओळख बनला. त्याच खाचरांत भात निघाल्यावर उरल्या ओलीवर येणाऱ्या वाल-पावट्याकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही. भरघोस वालाची निवड मावळच्या खाचरातच, भातामागे व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

शेतकरी कुटुंबांनी राखलेले बी मिसळीचे असते आणि तेच निवडीचे भांडवल आहे. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिले. मिश्र बियाण्यातून वेगवेगळे वंश वेचता येतात, पण एकाच शुद्ध वंशात टपोरे दाणे निवडत राहिल्याने पुढची पिढी टपोरी होत नाही. वालही मुख्यतः स्वपरागित असल्याने हा नियम त्याला लागू पडतो. मग शेतकऱ्याची नजर पुरेशी नाही का? ती अनमोल आहे, पण बांधालगत जास्त ओल मिळालेले झाडही तिला जातिवंत भासू शकते. म्हणून निवडलेल्या प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या ओळीत पेरून अनेक हंगाम ताडून पाहावे लागते.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण वाल' दिला असताना नवा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पण मावळची परिस्थिती कोकणाहून वेगळी आहे. मावळातले लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला तळेगावकडे तो झपाट्याने घटतो. इंद्रायणीला तयार व्हायला सुमारे साडेचार महिने लागतात, त्यामुळे वालाची पेरणी लांबते. अनेक गावठी वाल दिवस लहान होताच फुलोऱ्यावर येतात. पेरणी लांबली की झाड पुरते वाढण्याआधीच फुलते आणि शेंगा कमी लागतात. म्हणून बागायती वाफ्यात पहिला आलेला वंश इथे मागे पडू शकतो.

वालाचे उत्पन्नच थोडे, हा आक्षेप एकट्या वालाच्या हिशेबावर उभा आहे. वाल भाताची जागा घेत नाही, उरलेल्या ओलीचे धान्य करतो आणि मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र वापरतो. म्हणून भात आणि वाल मिळून एकरी वर्षाकाठी काय हाती लागले, या मापानेच वाण निवडावा.