नाणेघाटातील राजकुल

जुन्नरहून घाटघरास येऊन कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी एक लेणे आहे. ते भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेले नव्हे. त्याच्या मागील भिंतीवर एका राजकुलाच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. आज तेथे पावलांच्या खुणांवाचून फारसे काही उरलेले नाही. मूर्ती गेल्या, परंतु त्यांच्या माथ्यावरील ब्राह्मी अक्षरे राहिली, आणि सातवाहनांच्या राजपदाचा आरंभ शोधणाऱ्यास प्रथम त्यांच्याकडेच वळावे लागते.

ओळीच्या आरंभी राजा सिमुक सातवाहन. पुढे देवी नायनिका व राजा श्री सातकर्णी, नंतर कुमार. आणि ह्या राजकुलातच एक महारठि त्रनकयिर. पुराणांतील आंध्रराजांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. येथे मात्र घराण्याने आपला मूळपुरुष स्वतःच दाखविला आहे.

ईजिप्तमध्ये हिएराकोन्पोलिस येथे 1898 साली नार्मर राजाची शिळा सापडली. इसवी सनापूर्वी सुमारे 3100 च्या ह्या शिळेवर राजा शत्रूवर गदा उगारून उभा आहे. एका बाजूस त्याच्या मस्तकी पांढरा मुकुट, दुसऱ्या बाजूस तांबडा. नाणेघाटात पाडलेला शत्रू नाही. ब्यूलरने 1883 साली प्रसिद्ध केलेल्या बाजूच्या भिंतींवरील लेखात यज्ञांची गणना आहे: दोन अश्वमेध, राजसूय, आणि दक्षिणेत कोठे 1,700 गाई व 10 हत्ती, कोठे 11,000 गाई व 1,000 घोडे. तथापि हे राज्य रक्त न सांडता उभे राहिले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याच लेखात राजाला दक्षिणापथपति व अप्रतिहतचक्र म्हटले आहे, आणि अश्वमेधाचा घोडा काही शेजाऱ्यांच्या संमतीने फिरत नसतो.

लेख राणीकडचा आहे, हे विसरता कामा नये. महारठीची ती कन्या, वेदिसिरीची माता. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसवृत्तीने वागणारी, असे तिचे वर्णन येते. पतीच्या यज्ञांबरोबर माहेरचे बळही तिने भिंतीवर आणले. नव्या राजकुलास महारठींच्या आधाराची गरज होती, हे त्रनकयिराच्या मूर्तीवरून उघड होते.

हे सर्व राजधानीत न कोरता घाटात का कोरले? कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नर-पैठणकडे ह्याच वाटेने चढे. दक्षिणेच्या यादीत 24,400 कार्षापणांचाही आकडा आहे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आजही दाखवितात. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी लोकांची समजूत आहे.