ट्रेनी की अप्रेंटिस? ऑफर लेटरमागचा इतिहास

कॅम्पसमधून सिलेक्शन झालं की आपण ऑफर लेटरवर आधी पगाराचा आकडा बघतो. पण पदाच्या नावात 'ट्रेनी' आहे की 'अप्रेंटिस', हे बघितलंत का? सारखेच वाटणारे हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आलेत.

मी मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहतो. पहिली वाट आपल्याच मुंबईतली, ट्रॉम्बेची. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. पण असल्या कामाचे इंजिनिअर कॉलेजातून तयार होऊन येत नव्हते. होमी भाभांनी ते येण्याची वाट बघितली नाही. १९५७ मध्ये ट्रॉम्बेलाच ट्रेनिंग स्कूल काढलं. डिग्री घेतलेली पोरं पुन्हा वर्षभर वर्गात! वर स्टायपेंड, आणि पास झालं की तिथेच नोकरी. व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल केलेले अनिल काकोडकर याच वाटेने आले आणि २००० साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

दुसरी वाट कायद्याची. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आधी कारखान्यातल्या ट्रेडपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमावालेही आले. स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकारने उचलला. म्हणजे शिकायची सोय झाली. पण याच कायद्यात दोन गोष्टी लिहिल्यात: अप्रेंटिस हा 'कामगार' नाही, आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर अप्रेंटिसना नोकरीत घेण्याबाबत कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. हमी मात्र आजही नाही.

मोठ्या कंपन्यांची 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी' योजना, म्हणजे जीईटी, ट्रॉम्बेच्या वाटेला जास्त जवळची. ट्रेनी सहसा पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पगारावर असतो, ट्रेनिंग झालं की कन्फर्म होतो. टीसीएस मुंबईत १९६८ ला सुरू झाली. पुढे आयटी वाढलं, तशी कॉम्प्युटरची डिग्री असलेली मुलं पुरेनात. मग कंपन्यांनी सगळ्याच ब्रँचची मुलं घेऊन त्यांना स्वतः कोडिंग शिकवलं. बीटेकनंतर माझी सुरुवातही अशाच वर्गात झाली. शेजारी सिव्हिलवाला, मागे मेकॅनिकलवाली, आणि दर आठवड्याला टेस्ट!

तिन्हीकडे प्रश्न एकच होता: कॉलेज आणि काम यांच्यातल्या वर्षाचा खर्च कोणी करायचा, आणि त्या वर्षानंतर काय?

म्हणून सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचारा. माझा करार अप्रेंटिस कायद्याखाली आहे का? कन्फर्म कधी आणि कशावर करणार? बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि किती रुपयांचा? उत्तरं ईमेलवर मागा. विचारलं म्हणून कोणी उद्धट ठरत नाही.

तुमच्या लेटरवर कोणता शब्द आहे, कळवा. भेटू पुढच्या भागात!