वेब साठवण व आशय वितरण : मानकांचे समन्वयन

वेबवरील पृष्ठे, चित्रे, चित्रफिती इ. आशयाच्या प्रती मूळ सर्व्हर व वाचक यांच्या दरम्यान साठवून मागणीनुसार पुरविण्याच्या पद्धतीस वेब साठवण म्हणतात. असा साठा ‘कॅशे’ या नावाने ओळखला जातो. प्रकाशकाशी करार करून व अनेक ठिकाणी सर्व्हर मांडून हेच कार्य व्यापारी तत्त्वावर केल्यास त्यास आशय वितरण म्हणतात. प्रकाशक, वाचक व प्रत ठेवणारा मध्यस्थ हे परस्परांपासून स्वतंत्र असतात. म्हणून प्रत किती काळ ताजी मानावी आणि ती देण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी सर्वमान्य नियम आवश्यक ठरतात. हे नियम मुख्यत्वे इंटरनेट एंजिनिअरिंग टास्क फोर्स (आयईटीएफ) या संघटनेच्या कार्यगटांनी घडविले. या संघटनेत औपचारिक सदस्यत्व नाही. निर्णय मतदानाने नव्हे, तर ढोबळ सहमतीने होतात व मानके पाळण्याची सक्ती तिला करता येत नाही.

पार्श्वभूमी : जिनीव्हा येथे १९९४ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेत आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनी प्रती साठविणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरचे वर्णन केले. त्या काळी दूर अंतराची दळणवळण क्षमता महाग होती. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या जालावर अटलांटिकपलीकडून येणाऱ्या माहितीसाठी १९९८ पासून परिमाणानुसार आकार घेतला जाऊ लागला. साहजिकच राष्ट्रीय पातळीवरील साठ्यांना महत्त्व आले. अमेरिकेत हार्व्हेस्ट प्रकल्पातील साठवण प्रणालीवरून ड्वेन वेसल्स यांनी १९९६ मध्ये स्क्विड ही मुक्त प्रणाली सिद्ध केली. शेजारच्या साठ्याकडे प्रत आहे काय, हे विचारण्याचा संकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या एचटीटीपी १.१ या मानकाने प्रतीची ग्राह्यता ठरविण्याचे नियम प्रकाशकाच्या हाती दिले. १९९८ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील टॉम लेटन व डॅनियल लेविन यांच्या संशोधनातून अकामाई ही वितरण कंपनी स्थापन झाली आणि साठवण हा स्वतंत्र व्यवसाय बनला.

परिभाषेची निश्चिती : एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला जात असल्याने समन्वयाची पहिली पायरी परिभाषेचीच होती. वेब प्रतिकृती व साठवण या विषयावरील कार्यगटाने जानेवारी २००१ मध्ये वर्गीकरणाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. वाचकाच्या बाजूने काम करणारा तो प्रॉक्सी आणि मूळ सर्व्हरच्या वतीने काम करणारा तो प्रतिनिधी सर्व्हर, असा भेद त्यात स्पष्ट झाला. वाचकाने न निवडता त्याची मागणी वाटेतच अडवून घेणाऱ्या यंत्रणेस तोवर ‘पारदर्शक’ असे सौम्य नाव रूढ होते. दस्तऐवजाने तिला ‘अडविणारा प्रॉक्सी’ म्हटले. जून २००१ मधील दुसऱ्या दस्तऐवजात प्रत्यक्ष व्यवहारात आढळलेल्या दोषांची सूची देण्यात आली.

कार्यगटांची विभागणी : यानंतर विषय तीन शाखांत विभागला गेला. वेब मध्यस्थांविषयीच्या गटाने प्रत शिळी झाल्याची वार्ता साठ्यांना कळविणारा संकेत हाती घेतला. तो मानक म्हणून प्रसिद्ध झाला नाही. दुसऱ्या गटाने निरनिराळ्या वितरण जालांना परस्परांशी जोडण्याचा विचार केला. त्याचे प्रारूप व संभाव्य प्रसंगांची वर्णने २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु प्रत्यक्ष जोडणीचे संकेत त्यातून निघाले नाहीत.

तिसरी शाखा वाटेतच आशयात फेरफार करणाऱ्या सेवांची होती व तीच सर्वांत वादग्रस्त ठरली. भाषांतर करणे वा विषाणू गाळणे उपयुक्त असले, तरी त्याच साधनाने जाहिराती घुसडता येतात किंवा मजकूर दडपता येतो. यास्तव इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने जानेवारी २००२ मध्ये तत्त्व मांडले, की अशा सेवेस प्रकाशक व वाचक यांपैकी किमान एकाची स्पष्ट संमती असली पाहिजे. तांत्रिक गटापुढे नैतिक अट ठेवली जाण्याचे हे ठळक उदाहरण होय.

पुढील वाटचाल : २०११ मध्ये वितरण जालांच्या आंतरजोडणीसाठी नवा गट स्थापन झाला. त्याच्या २०१४ मधील आराखड्याने २००३ च्या प्रारूपाची जागा घेतली. दरम्यान वेबवरील संदेशवहन वेगाने कूटबद्ध होऊ लागले. कूटबद्ध मागणी वाटेतल्या यंत्रणेस वाचता येत नसल्याने अडविणाऱ्या प्रॉक्सीचे महत्त्व ओसरले. प्रकाशकाने प्रमाणपत्राद्वारे अधिकार दिलेला प्रतिनिधी सर्व्हर मात्र टिकला. असा अधिकार मर्यादित मुदतीसाठी सोपविण्याची रीत २०२१ मध्ये प्रमाणित झाली. एखादी मागणी अनेक वितरण जालांमध्ये चक्राकार फिरत राहू नये म्हणून तीवर ओळखखूण उमटविण्याचा नियम २०१९ मध्ये, तर साठवणीच्या नियमांची सुधारित संहिता जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मूल्यमापन : या इतिहासात व्यापक योजनांपेक्षा मर्यादित नियम अधिक टिकाऊ ठरलेले दिसतात. वितरण कंपन्या परस्परांच्या स्पर्धक असल्याने ग्राहक व हिशेब यांच्या वाटणीविषयी त्यांचे एकमत होणे कठीण होते. ताजेपणाची मुदत किंवा ओळखखूण यांसारख्या बाबींत मात्र सर्वांचेच हित होते. २००१ मध्ये केवळ परिभाषेचा वाटणारा प्रॉक्सी व प्रतिनिधी यांतील भेद पुढे निर्णायक ठरला, कारण मध्यस्थ कोणाच्या वतीने बोलतो, हाच मूळ प्रश्न होता. वाचकापुढे येणारा मजकूर प्रकाशकाने दिला तसाच आहे, हा विश्वास त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.